न सांडणारा डबा

धुळे,
१९ जून २०२५

चेलना,

पहिलाच डबा आणि पहिल्याच दिवशी फजिती. संध्याकाळी अभिमन ड्यूटीवरून आले ते कंडक्टरची थैली माझ्या नाकासमोर धरूनच. "तुना डबा गळस वं," म्हणाले, "बठ्ठी कढी मन्ही थैलीमा सांडनी." पारोळा यायच्या आतच कढी संपली होती. पुढे जळगावपर्यंत ज्याला ज्याला सुट्टे पैसे परत दिले तो म्हणे हुंगून बघत होता. मी हसले आणि मग आत जाऊन थोडी रडलेही. डाळीचे उकडलेले फुणके तेवढे कोरडे शाळेत पोचले.

तू म्हणशील, पातळ पदार्थ पाठवायचाच कशाला. पण प्रियल फुणका कोरडा कधी खात नव्हती. माझ्या मांडीवर बसून कढीत बुडवून घ्यायची, अर्धी कढी तिच्या पोटात आणि अर्धी माझ्या साडीवर. तेव्हा तिला सगळे दातही आले नव्हते. पुनीत गेले, मग मी दुसरं लग्न करून इकडे धुळ्याला आले, आणि मांजी म्हणाल्या की सून जाऊ शकते, नात या घरची आहे. मी मान डोलावली. तू धाकटी सून, दाराशीच उभी होतीस, तुला सगळं माहीत आहे. ते उकरत बसत नाही.

अभिमनना यंदा गुरुवारची जळगावची गाडी मिळाली आणि मधल्या सुट्टीचा एक डबा प्रियलपर्यंत पोचवायला तू तयार झालीस, हे माझ्यासाठी खूप आहे. फोन नको म्हणालीस तेही पटलं. तुझा फोन त्या घरात सगळ्यांच्या हातात असतो. अभिमन शाळेच्या फाटकाशी आयाबाईंना, इंदिराबाईंना, डबा आणि चिठ्ठी देतील. रिकामा डबा आणि तुझं उत्तर पुढच्या गुरुवारी त्याच रस्त्याने येऊ दे.

तुझ्या वडिलांचं सोनगीरला भांड्यांचं दुकान. डब्यांमध्येच लहानाची मोठी झालीस तू. मला असा डबा सांग की जो पालथा पडला तरी थेंब बाहेर येणार नाही. आणि एवढं नक्की कळव, फुणका तोंडात घातल्यावर प्रियल काय म्हणाली?

ज्योत्स्ना

*

जळगाव,
२६ जून २०२५

ज्योत्स्नाभाभी,

जय जिनेन्द्र. आता भाभी लिहावं की नाही असा विचार करत होते, तोवर हाताने लिहूनही टाकलं. राहू द्या.

तुम्ही घेतलात तो चारी बाजूंनी क्लिपा लागणारा प्लास्टिकचा डबा. दिसायला देखणा असतो, पण कोपऱ्यातून पातळ हमखास बाहेर येतं. त्यात खाकरा द्या, मुरमुरे द्या. कढीसाठी गोल घ्या, स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा, झाकणाच्या आत रबर असलेला. ते रबर निघतं का ते आधी बघा. निघत नसेल तर डबा घेऊ नका, खाली घाण साचते. आणि दुकानातच पाणी भरायला लावून कागदावर पालथा ठेवायला सांगा. पप्पा गिऱ्हाइकाला तसंच दाखवतात. लाजू नका, जो दुकानदार पाणी भरायला कुरकुरतो त्याचा डबा गळणारच.

कढी कोमट झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. वाफेने झाकण असं धरून बसतं की मोठ्या माणसालाही हलत नाही.

फुणके सगळे संपले. डबा मी शाळेतून परस्पर स्कूटीच्या डिकीत टाकते, घरात नेत नाही. मांजींना यातलं काही माहीत नाही आणि होऊही द्यायचं नाही.

चेलना

*

धुळे,
१० जुलै २०२५

चेलना,

तू सांगितलास तसाच डबा घेतला. दुकानदाराने पाणी भरून त्याच्याच वर्तमानपत्रावर पालथा ठेवला आणि आम्ही दोघं डब्याकडे बघत बसलो. त्याला दुसरं गिऱ्हाईक आलं तरी मी हलले नाही. कागद कोरडा राहिला. घरी आणून मी पुन्हा अभिमनच्या धुतलेल्या शर्टावर पालथा घातला, तेव्हा मात्र बोलणी खाल्ली. पण शर्टही कोरडा.

मागच्या गुरुवारी कढी थेंब न थेंब पोचली, आणि प्रियलला डबा उघडलाच नाही. इंदिराबाईंनी अभिमनना सांगितलं, की पोर अर्धी सुट्टी त्या झाकणाशी झटत होती, हात लाल झाले होते. शेवटी त्यांनी पदरात धरून उघडला तोवर घंटा झाली. "भलती गुणी पोर शे, रडनी नही," असं म्हणाल्या म्हणे. रडली नाही हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. जो गळत नाही तो तिला उघडत नाही आणि जो उघडतो तो गळतो, असं आमचं चाललंय. मधला काही असतो का ते बघ.

अभिमननी त्या दिवशी फाटकातून तिला पाहिलं. दोन वेण्या, निळ्या रिबिनी, एका पायावर उड्या मारत नळाकडे चालली होती, म्हणाले. मी दोन-तीनदा विचारलं तर त्यांनी पुन्हा पुन्हा तेवढंच सांगितलं, कारण तेवढंच पाहिलं होतं. माझी मुलगी माझ्या नवऱ्याने पाहिली आणि मी नाही. मी एखाद्या गुरुवारी त्यांच्याच गाडीत बसून येऊ का? रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन, हाक मारणार नाही. तेही नको असेल तर डब्यात एक कागद तरी ठेवू दे. दोनच ओळी लिहीन.

मी मागच्या वेळी विचारलेलं तू सांगितलंच नाहीस. ती माझ्याबद्दल काही विचारते का?

ज्योत्स्ना

*

जळगाव,
२४ जुलै २०२५

ज्योत्स्नाभाभी,

मधला डबा वगैरे काही नसतो. डबा तोच ठेवा. रबराला तुपाचं बोट फिरवा आणि झाकण शेवटचा जोर लावून आवळू नका, थांबेल तिथे थांबू द्या. तेवढ्याने गळत नाही. मी प्रियलला शिकवलं, की आधी तळव्याने झाकण मधोमध दाबायचं, आतली हवा सुटते, मग रुमाल धरून फिरवायचं. एक अख्खा रविवार ती रिकाम्या डब्यावर तेच करत होती. आता स्वतः उघडते, शेजारच्या मुलीचाही उघडून देते आणि वर तिला ऐकवते, की तुझ्या हातात जोर नाही.

कागद ठेवू नका. ती दुसरीत आहे, नुकतं वाचायला लागली आहे आणि दिसेल ते मोठ्याने वाचते. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बिस्किटाचे पुडे. तुमच्या दोन ओळी ती जेवताना मांजींना वाचून दाखवेल.

येऊही नका. तुम्ही पलीकडे उभ्या राहाल आणि तिकडेच उभ्या राहाल, असं तुम्हालाही वाटत नाही. मग गुरुवारही जाईल. मी रागाने लिहीत नाही. ती मजेत आहे, खाते-पिते, हसते. तेवढं धरून राहा.

चेलना

*

जळगाव,
४ सप्टेंबर २०२५

ज्योत्स्नाभाभी,

दोन गुरुवार इंदिराबाईंनी डबा घेतला नाही, त्याचा राग अभिमनजींनी मनात ठेवू नये. मीच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. झालं ते लिहिते.

पर्युषणात प्रियल रोज मांजींबरोबर उपाश्रयात जायची. साध्वीजींनी मुलांना म्हटलं, एक एक छोटा नियम घ्या. कुणी चॉकलेट सोडलं, कुणी टीव्ही. ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, कांदा, लसूण, बटाटा, सगळं कंदमूळ कार्तिकी पौर्णिमेपर्यंत बंद. तिला कुणी पढवलं नव्हतं. सगळ्यांनी कौतुक केलं. मांजींच्या डोळ्यांना पाणी आलं, म्हणाल्या की माझा पुनीत परत आला.

त्याच आठवड्यात मांजी छत्री शोधायला डिकी उघडून बसल्या. "ओ डब्बो किणरो है?" मी म्हटलं, मैत्रिणीचा. डबा घासलेला, पुसलेला, लख्ख. त्यांनी झाकण उघडलं, नखाने रबर बाहेर काढलं आणि नाकाशी नेलं. भाभी, स्टीलचा वास धुतला की जातो, रबराचा जात नाही. एवढ्या गुरुवारांच्या फुणक्यांचा लसूण त्यात मुरला होता. डबा थेंबभर गळला नाही आणि तरी सगळं बाहेर आलं. भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रियलचा डबा त्या स्वतः भरतात. आता पाठवू नका. नियम तिचा आहे, तो मोडला तर ती स्वतःलाच माफ करणार नाही, त्या बाबतीत हट्टी आहे.

चेलना

*

धुळे,
११ सप्टेंबर २०२५

चेलना,

तुझं पत्र अभिमननी हातात दिलं तेव्हा मी फुणके उकडायला ठेवत होते. गॅस बंद केला.

मी लसूण घातला हा माझाच मूर्खपणा. त्या घरात राहिले, तिथे जेवले, आणि तरी इकडे आल्यावर हात आपल्या माहेरच्या वळणावर गेला. मुक्ताईनगरकडे आम्ही लसणाशिवाय फुणका करत नाही. पण नियम मोडायला लावणारी आई मला व्हायचं नाही. मी लसूण न घालता करीन. कढीचं तर तुला सांगायलाही नको, मी अजून मांजींनी शिकवली तशीच करते. आधी ताक गरम करायचं, मगच त्याला डाळीचं पीठ लावायचं, कच्च्या ताकात डाळ चालत नाही. अभिमन हसतात, तू कोणासाठी एवढं सोवळं पाळतेस म्हणून. मी वेगळं पातेलं घेईन, वेगळी पळी घेईन, या घरातलं अंडं त्याला शिवणार नाही.

आणि डबाही नवा घेईन, ज्याच्या रबराने लसूण पाहिलेला नाही असा. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबते. तोवर तू फक्त हो म्हण. महिन्यातून एक गुरुवार दे, सगळे नकोत. ही एकच वाट आहे गं माझ्याकडे. कढीची चव तिच्या जिभेवर राहिली तर मोठी झाल्यावर तरी शोधत येईल, अशी आशा मला आहे. कुणाला हसू येईल, मला येत नाही.

ज्योत्स्ना

*

धुळे,
१३ नोव्हेंबर २०२५

चेलना,

तुझं उत्तर आलं नाही. दर गुरुवारी अभिमन इंदिराबाईंना विचारत आणि त्या मान हलवत. दिवाळी गेली, कार्तिकी गेली. तू नाहीही म्हटलं नाहीस, तेव्हा मी हो धरून चालते आहे.

नवा डबा सोबत आहे. लसूण नाही, कांदा नाही, ताक गरम करून घेतलं आहे, कोमट झाल्यावरच झाकण लावलं आहे, रबराला तूप फिरवलं आहे. तुझे सगळे धडे पाळले.

एक गोष्ट तुला न विचारता केली. दुकानात डब्यावर नाव घालायचं यंत्र होतं. त्याने विचारलं, काय घालू? तुमच्या लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसंच मी सांगून टाकलं. "कु. प्रियल हिस आईकडून सप्रेम भेट." तळाला घातलंय, झाकणावर नाही. वरून कुणाला दिसणार नाही. पण ती डबा पालथा घालून वाळवेल तेव्हा तिला दिसेल. कागद नको म्हणालीस, म्हणून कागद ठेवला नाही. ती आता वाचते ना, तूच लिहिलं होतंस. मला आठवडाभर दुसरं काही सुचत नाहीये, ती ते वाचताना कशी दिसेल एवढंच डोळ्यांपुढे येतं.

रागावलीस तर रागाव, पण तिने काय म्हटलं ते या वेळी तरी सांग.

ज्योत्स्ना

*

जळगाव,
२० नोव्हेंबर २०२५

धुळ्याच्या मावशीला,

जय जिनेन्द्र. मी प्रियल. तू डबा पाठवलास तो मला आवडला. मी झाकण स्वतः उघडलं. कढी अजिबात सांडली नाही. फुणके मी कढीत बुडवून खाल्ले. थोडी कढी उरली ती मी घरी आणली, मम्मी डिकीत ठेवत होती पण मी धरून ठेवली. दादीने बोट लावून चाखली. दादी म्हणाली, ताक गरम करून केली आहे. मग दादी देवघरात जाऊन बसली.

मावशी, तुझ्या डब्याच्या दुकानवाल्याची चूक झाली आहे. डब्याच्या खाली त्याने आईकडून असं लिहिलं आहे. मम्मीने तर डबा दिला नाही, तू दिलास. त्याने मावशीकडून असं लिहायला पाहिजे होतं. मी मम्मीला दाखवलं तर ती म्हणाली, हो, चुकून झालं असेल. तू त्याला रागाव. पण जास्त नको.

रबराला कढीचा वास येतो. तो कसा घालवायचा?

आणि तुला कसं कळलं की मला फुणका कढीत बुडवूनच आवडतो? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं.

तुझी,
प्रियल

*

जळगाव,
२० नोव्हेंबर २०२५

ज्योत्स्नाभाभी,

तिची चिठ्ठी सोबत आहे. तिने लिहिली, मी वाचली आणि फाडली नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत होतात त्याचं उत्तर एवढंच आहे.

तुम्ही गेलात त्यानंतर ती दाराकडे तोंड करून झोपायची. उचलून कूस बदलली तरी पुन्हा तिकडेच वळायची. ताप यायचा, उतरायचा. मग हळूहळू थांबलं. एक दिवस पाणी मागताना तिने मला मम्मी म्हटलं. मी तिला नाही म्हटलं नाही. मला मूल नाही, ते तुम्हाला माहीत आहे. पण त्याचा याच्याशी संबंध नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आहे संबंध. त्यानंतर घरात तुमचं नाव कुणी काढलं नाही आणि ती विसरली. जूनमध्ये तिने विचारलं, हा गुरुवारचा डबा कुणाचा? मी म्हटलं, धुळ्याच्या मावशीचा. आजही तेच सांगितलं आणि उद्याही तेच सांगेन. तिला खरं सांगितलं तर ती आहे ती आई हरवेल आणि दुसरी तिच्या ओळखीचीच नाही. सात वर्षांच्या मुलीला मी ते करणार नाही. मोठी झाली की तिचं ती विचारेल.

मांजींनी तळ वाचला. मग डबा स्वतः घासला, रबर उन्हात ठेवलं आणि मला म्हणाल्या, मावशीचा डबा येत असेल तर येऊ दे. मावशीचा, असं दोनदा म्हणाल्या. याहून जास्त त्या देणार नाहीत. मीही देणार नाही, हे तुम्हाला स्पष्ट कळलेलं बरं.

डबा चालू ठेवायचा असेल तर तिला मावशी म्हणून उत्तर लिहा. ती वाट बघते आहे. ते जमणार नसेल तर हा डबा शेवटचा समजा. तुम्हाला दोष देणार नाही.

चेलना

*

धुळे,
४ डिसेंबर २०२५

चि. प्रियल हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मागच्या गुरुवारी उत्तर पाठवायचं होतं, पण लिहायला बसले की काही ना काही काम निघायचं. तुझं अक्षर फार छान आहे. तुझे काका, जे बसमधून डबा आणतात ना, त्यांनाही मी दाखवलं. ते म्हणाले, "अक्षर शे का मोती." त्यांच्या थैलीत आता कढी सांडत नाही, म्हणून ते तुझ्यावर खूश आहेत.

रबराचा वास असा घालवायचा. चमच्याच्या दांड्याने रबर हळूच उचलून बाहेर काढायचं, तुटू द्यायचं नाही. कोमट पाण्यात लिंबाची फोड घालून त्यात ठेवायचं आणि मग उन्हात. सावलीत वाळवलं तर वास राहतो. परत बसवताना बोटाने सगळीकडून दाबत यायचं. एवढं करूनही थोडा वास येत असेल तर येऊ दे.

दुकानवाल्याचं तू बरोबर ओळखलंस. त्याचीच चूक झाली. मी त्याला रागावले, पण जास्त नाही, तू म्हणाली होतीस म्हणून. यंत्राने घातलेलं नाव पुसता येत नाही. घासून काढलं तर पत्रा तिथे पातळ होतो. म्हणून ते तसंच राहू दे. कुणी विचारलं तर सांग, धुळ्याला एक विसरभोळा दुकानदार आहे. तो काहीही लिहितो.

आज पुन्हा फुणके आणि कढी पाठवली आहे. पुढे थंडी वाढली की दर गुरुवारी जमेलच असं नाही, पण जमवीन. मम्मीचं ऐकत जा. दादीला माझा जय जिनेन्द्र सांग आणि सांग, की कढी त्यांच्याकडूनच शिकावी अशी असते असं मी ऐकलं आहे.

तू विचारलंस, फुणका तुला कढीत बुडवून आवडतो हे मला कसं कळलं. अंदाजानेच गं. लहान मुलांना तसाच आवडतो.

तुझी,
धुळ्याची मावशी